"सर कॅपला गेलेत": प्राध्यापकाच्या टेबलावरची दोनशे वर्षं

"सर कॅपला गेलेत."

गेल्या तीन वर्षांत हे वाक्य मी शिपाईमामांकडून इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यांनी नुसती मान हलवली तरी कळतं. कॅप म्हणजे विद्यापीठाचं पेपर तपासणी केंद्र. परीक्षा संपल्या की सगळे सर-मॅडम तिकडे गठ्ठे उपसत बसलेले असतात, आणि आपण प्रगती अहवालाचा कागद घेऊन केबिनबाहेरच्या बाकड्यावर.

मी करमाळ्याचा. उजनीच्या फुगवट्यातल्या पाण्यावर काम करतो. महिन्यातून एकदा पहाटे केत्तूरच्या बाजूला जायचं, बाटल्या भरायच्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवायच्या आणि लॅब गाठायची. केळी आणि ऊस यांच्या पट्ट्यातून वाहत येणाऱ्या नायट्रेटचा हिशोब, असं थोडक्यात समजा. त्या दिवशी सहा महिन्यांच्या अहवालावर सही घ्यायची शेवटची तारीख होती. सकाळी अकरापासून बसलो, सर संध्याकाळी पाचला आले, डोळे लाल झालेले. सही केली, एक ओळही वाचली नाही. परतीच्या एसटीत माझं डोकं तापलेलं होतं. मनात एकच: मला मार्गदर्शन करणं हे यांचं काम आहे की नाही? असेल, तर बाकीचं सगळं कुणाचं काम आहे आणि ते यांच्याकडे आलं कुठून?

रागातून सुरू झालेलं हे वाचन पुढे दोन महिने चाललं. मी शास्त्र शाखेचा, इतिहास माझा विषय नाही. पण जे सापडलं ते 'पेट' देऊन गाईड शोधत फिरणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं वाटलं, म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे.

सुरुवात १८२७ पासून करू. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदावरून जायला निघाला तेव्हा शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली. दोन लाखांहून जास्त रुपये जमले. पुतळाबितळा न करता या पैशातून प्राध्यापक नेमायचे ठरले. म्हणजे आपल्याकडे 'प्रोफेसर' ही जागा विद्यापीठाच्या तीस वर्षं आधी आली. अट अशी, की एतद्देशीय लोक पूर्ण तयार होईपर्यंत या जागांवर विलायतेतून माणसं आणायची. पण ती माणसं इथे पोचायच्या आतच, १८३४ मध्ये, बाळशास्त्री जांभेकर तिथे असिस्टंट प्रोफेसर झाले होते. हो, 'दर्पण'वालेच. वय बावीस-तेवीस. पुढे १८५० च्या दशकात दादाभाई नौरोजी गणित आणि सृष्टिविज्ञानाचे प्रोफेसर झाले.

या काळातल्या प्राध्यापकाचं काम सोपं सांगता येतं: शिकवणे. पण मला सगळ्यात जवळचे वाटले ते केरो लक्ष्मण छत्रे. नागावचा मुलगा, साधारण पंधराव्या वर्षी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागला. तिथे एल्फिन्स्टनचेच प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली वेध घ्यायचे, आकडे नोंदवायचे. आजच्या भाषेत प्रोजेक्ट असिस्टंट. तिथून वाढत वाढत केरूनाना पुण्यात डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, टिळकांना त्यांनी शिकवलं. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण विद्यापीठ निघालं तेव्हा ते आधीच शिक्षक होते. तरी त्यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली. पंचांगातलं ग्रहांचं गणित आणि आकाशात खरोखर दिसणारे ग्रह यांचा मेळ बसत नव्हता, तो बसवायचा त्यांचा खटाटोप होता. त्यातूनच पुढे पटवर्धनी पंचांग निघालं.

हे संशोधन करा असं केरूनानांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचे गुण नव्हते, पगारवाढ त्यावर अडलेली नव्हती. नोकरी शिकवण्याची, संशोधन स्वतःच्या हौसेचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्या विद्यापीठांनी पुढची साठ वर्षं साधारण हेच धरून चाललं.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. इथेच माझ्या बाकड्यावरच्या सहा तासांचं मूळ आहे. हे विद्यापीठ शिकवत नव्हतं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. विद्यापीठाकडे स्वतःचा प्राध्यापक एकही नाही, परीक्षक मात्र हवेत. १८६२ मध्ये पहिले बी.ए. झाले ते चार जण: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. चार पदवीधरांसाठी परीक्षेची आख्खी यंत्रणा. ती चारांसाठी उभी राहिली आणि आज लाखोंसाठी तीच चालते आहे. गठ्ठे वाढले, पद्धत तीच.

याचा परिणाम शिकवण्यावर झाला. कॉलेजातला प्राध्यापक दुसऱ्याने ठरवलेल्या परीक्षेसाठी शिकवू लागला. नोट्स, अपेक्षित प्रश्न, 'हे परीक्षेला येत नाही' हे वाक्य, या सगळ्यांचं वय दीडशे वर्षांच्या वर आहे. विद्यार्थी आळशी झाले वगैरे नंतरच्या गोष्टी.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजने १८८५ मध्ये याच चौकटीत राहून प्राध्यापकाच्या कामात आणखी एक गोष्ट घातली: त्याग. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं, महिना ७५ रुपयांवर शिकवायचं. गोखले गणित, इंग्रजी, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र असं जे पडेल ते शिकवत. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये गणित शिकवायला आले आणि १९१४ पर्यंत राहिले. मधल्या काळात हिंगण्याचा आश्रम उभा केला, तिथून कॉलेजला पायी ये-जा. या पिढीबद्दल मला आदरच आहे. पण एक शंका येतेच: प्राध्यापकाने संस्था चालवावी, वर्गणी मागावी, समाजकार्य करावं आणि पगाराबद्दल बोलू नये, ही आपल्या समाजाची अपेक्षा इथून तर नाही आली? आज प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडचे प्राध्यापक गावोगाव फिरून मुलं गोळा करतात, तेव्हा संस्थाचालक याच पिढीचे दाखले देतात.

संशोधन मात्र अजून हौसेचंच. रा. गो. भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक असताना हस्तलिखितांच्या शोधात फिरले, दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. पण त्यांच्या हाताखाली कुणी 'पीएच.डी.ला नोंदणी' केली नव्हती. तशी सोयच नव्हती.

सोय व्हायला कायदा लागला. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची आणि संशोधनासाठी प्राध्यापक नेमण्याची मुभा दिली. मुंबईत त्याला प्रत्यक्ष रूप यायला १९१९ उजाडलं. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग निघाला, समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस आले. मूळचा जीवशास्त्रज्ञ, नगररचनाकार म्हणून गाजलेला माणूस. त्यांनी एका संस्कृत शिकवणाऱ्या तरुणाला हेरलं आणि शिष्यवृत्तीवर विलायतेला पाठवलं. हा तरुण म्हणजे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये.

घुर्यांची गोष्ट मला जरा निवांत सांगायची आहे, त्याचं कारण पुढे कळेल.

घुर्ये आधी लंडनला गेले, तिथे मन रमलं नाही, मग केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आले. रिव्हर्स म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. दोघांचं जमलं. आणि १९२२ च्या जूनमध्ये, प्रबंधाचं काम चालू असताना, रिव्हर्स अचानक वारले. परक्या देशात, अर्ध्या प्रबंधावर, गाईड गेलेला. आपल्यापैकी कुणाच्या पोटात गोळा येणार नाही? पुढे हॅडन यांच्या देखरेखीखाली घुर्यांनी काम पुरं केलं. त्यातूनच १९३२ मध्ये जात आणि वंशावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

१९२४ मध्ये घुर्ये मुंबईत विभागप्रमुख झाले, १९३४ मध्ये प्रोफेसर. १९५९ ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी जे केलं ते आपल्याकडे आधी फारसं कुणी केलेलं नव्हतं: विद्यार्थ्याला विषय देणं, त्याच्या मागे लागणं, प्रबंध पुरा करून घेणं, आणि हेच आपलं मुख्य काम मानणं. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. देसाई पक्के मार्क्सवादी, घुर्ये अजिबात नव्हेत. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा देसाईंचा प्रबंध घुर्यांच्याच हाताखाली झाला. गाईडला न पटणारी गोष्ट पुराव्यानिशी मांडता येते, याचा इतका स्वच्छ दाखला माझ्या तरी पाहण्यात नाही.

याला जोडूनच एक. इरावतीबाई घुर्यांकडे एम.ए. करून बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो, असं फिशर यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि आकड्यांतून तसं काही निघत नाही असं लिहिलं. बाहेर कोणतं वारं वाहत होतं ते १९३० च्या बर्लिनबद्दल वेगळं सांगायला नको. पीएच.डी. मिळाली. फिशर पुढे नाझी वंशशास्त्राचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले. इरावतीबाई १९३९ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. मला स्वतःला या प्रसंगात त्यांच्या धैर्याइतकीच मोजपट्टी महत्त्वाची वाटते. नावडता आकडा त्यांनी तसाच ठेवला.

विज्ञानात हाच बदल १९३३ मध्ये दिसतो. मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. जुने लोक त्याला यूडीसीटी म्हणतात, आताचं आयसीटी. १९६४ मध्ये मनमोहन शर्मा तिथे प्रोफेसर झाले, वय २७. म्हणजे माझ्यापेक्षा लहान! त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक रघुनाथ माशेलकर, पीएच.डी. १९६९. गाईड आणि विद्यार्थी यांच्यात जेमतेम सहा वर्षांचं अंतर. गाईड म्हणजे पांढऱ्या केसांचा, निवृत्तीला आलेला माणूस हे चित्र आपल्याकडच्या नेमणुका रखडल्यामुळे तयार झालंय, कामाच्या स्वरूपामुळे नाही.

आता परत करमाळ्याला येतो. वर सांगितलेलं घडलं ते मुंबईत, पुण्यात, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत. आपण शिकतो ते संलग्न कॉलेजांत, आणि तिथे १८५७ ची घडी फारशी मोडलेली नाही. बदललं ते परीक्षा घेणाऱ्याचं गाव. करमाळा आधी मुंबई विद्यापीठात होतं, १९४९ पासून पुण्यात, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि २००४ पासून सोलापुरात. माझ्या चुलत्यांच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ आहे. माझ्या बी.एस्सी.वर नुसतं सोलापूर विद्यापीठ, आणि एम.एस्सी.वर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, कारण मधेच २०१९ मध्ये नाव बदललं. बँकेत दोन्ही प्रमाणपत्रं एकाच विद्यापीठाची आहेत हे समजावताना घाम फुटला होता.

आमच्याकडचे एक निवृत्त सर सांगतात, त्यांच्या उमेदीत पेपर तपासायला कोल्हापूरला जायचं म्हणजे बॅगेत आठ दिवसांचे कपडे. सोलापूरला विद्यापीठ आल्यावर हे अंतर एकदम कमी झालं. आणि सरांचं म्हणणं असं, की अंतर कमी झालं तशी बोलावणीही वाढली: पेपर सेटिंग, स्क्वॉड, अभ्यास मंडळाच्या बैठका, कॅप.

मग आलं २०१०. यूजीसीच्या त्या वर्षीच्या नियमांनी प्राध्यापकाच्या प्रत्येक कामाला गुण लावले. त्याच सुमारास अधिव्याख्याता आणि प्रपाठक हे छान शब्द जाऊन सगळे सहायक आणि सहयोगी प्राध्यापक झाले. २०१८ चे नियम बघा: आठवड्याला ४० तास काम, वर्षाला ३० आठवडे, म्हणजे शिकवण्याचे १८० दिवस. प्रत्यक्ष शिकवणं सहायक प्राध्यापकाला १६ तास, बाकीच्यांना १४. विद्यार्थ्याला पीएच.डी. मिळाली की गाईडला १० गुण, प्रबंध नुसता सादर झाला तर ५. म्हणजे कागदावर माझी किंमत दहा.

आता थोडं गणित. २०१० च्या नियमांत संशोधनासाठी आठवड्याला किमान ६ तास ठेवायला सांगितले होते. २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी ८ विद्यार्थी असू शकतात, सहयोगीकडे ६, सहायककडे ४. प्रोफेसरने ते सहाही तास विद्यार्थ्यांनाच दिले, स्वतःचं वाचन-लेखन शून्य धरलं, तर माझ्या वाट्याला आठवड्यातून ४५ मिनिटं. हे आदर्श परिस्थितीत. प्रत्यक्षात विभागात चार मंजूर जागा असतात, दोन रिकाम्या. तास घेतात तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम, पण त्यांना गाईड होता येत नाही, त्यासाठी कायम नोकरी लागते. त्यामुळे नॅकच्या फायली, परीक्षा, प्रवेश आणि आपण असे सगळे त्या उरलेल्या दोघांच्या टेबलावर.

थोडक्यात, आधी शिकवणं आलं, त्यावर परीक्षा, मग संस्थेची सेवा, मग संशोधन, मग गुणांचे तक्ते. नवीन काम आलं म्हणून जुनं कधी कमी झालं नाही. आणि या सगळ्यांत खरी ताकद कशात आहे ते २०१३ मध्ये दिसलं. राज्यभरातल्या प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा विधानसभेपासून उच्च न्यायालयापर्यंत चर्चा झाली. मी तेव्हा शाळेत होतो, पण पेपरातले मथळे आठवतात. त्यांनी मार्गदर्शनावर बहिष्कार टाकला असता तर? वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता, आपण चार-पाच जण सोडून.

म्हणून गाईड बघताना मी काय विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, ते सांगतो. त्यांचे पेपर किती, इंडेक्स किती, हे सगळे बघतात. मी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारायला हवं होतं, की सरांनी तुमचा डेटा शेवटचा कधी पाहिला? ते परीक्षा विभागाच्या कोणत्या पदावर आहेत? विभागात कायम माणसं किती? आणि जन्मतारीख. लग्न जमवताना विचारतात तशी, न लाजता. आपल्याकडे कॉलेजातले प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आधीचे विद्यार्थी निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडे राहतात, त्यानंतर ते फक्त सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, तेही सत्तरीपर्यंत.

मी नोंदणी केली तेव्हा सरांची तीन वर्षं आणि वर चार महिने उरले होते. नियमात बसलं. मला वाटलं, तीन वर्षांत उरकेल. उजनीत एक पावसाळा नीट झाला नाही, एकदा लॅबमधलं उपकरण सात महिने बंद, आणि आता दोन प्रकरणं बाकी असताना सर मे महिन्यात निवृत्त होताहेत. नवे गाईड मिळायला हवेत. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांचा विषय वेगळा, ज्यांचा विषय जुळतो त्यांच्याकडे जागा नाही. रिव्हर्स गेल्यावर घुर्यांना हॅडन मिळाले, हे वाक्य मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो.

मागच्या आठवड्यात हेच बोलायला गेलो. सर कॅपला नव्हते, पण टेबलावर अंतर्गत परीक्षेचे गठ्ठे होतेच. बोलायच्या आधी मी सवयीप्रमाणे आलेख पुढे केले. त्यांनी गठ्ठा बाजूला सरकवला, चष्मा बदलला.

"सप्टेंबरचं नायट्रेट इतकं कमी कसं?"

"माहीत नाही सर. दोनदा तपासलं."

"नमुना किती वाजता घेतला?"

"सहाला."

"आणि लॅबमध्ये?"

मला आठवलं. त्या दिवशी जेऊरला गाडी चुकली होती. डब्यातला बर्फ विरघळला होता, दुपार झाली होती.

"साडेतीन," मी म्हणालो.

"मग ते पाण्याचं नायट्रेट नाही, तुझ्या डब्याचं आहे. काढून टाक. आणि का काढलं ते प्रबंधात लिही, लपवू नकोस. नवीन गाईड कोण येतील ते बघू. मी दोघांशी बोललोय, एक हो म्हणतील. त्यांना पहिल्यांदा भेटशील तेव्हा हीच ओळ दाखव."

बेल झाली. सर खडू घेऊन टी.वाय.च्या तासाला गेले. घड्याळात पाहिलं, बावीस मिनिटं झाली होती. मी गठ्ठा होता तिथे परत ठेवला आणि सप्टेंबरच्या ओळीवर पेन्सिलीने फुली मारली.